अँटेनाचा पाइप: दीड इंची की दोन इंची, यापूर्वीचा प्रश्न

शिरपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांना नुकताच हौशी रेडिओचा परवाना मिळाला आहे. तळमजल्यापुरते स्लॅबचे घर आहे, वर जिन्याची खोली आहे आणि तिच्या भिंतीला धरून त्यांना पाइप उभा करायचा आहे. त्यावर दोन मीटर पट्ट्याचा उभा अँटेना आणि चाळीस मीटर पट्ट्यासाठी तारेचा डायपोल, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेला दोन भुजांचा अँटेना, लावायचा आहे. (हे मीटर रेडिओ लहरींच्या लांबीचे आहेत, अँटेनाच्या उंचीचे नव्हेत.) दुकानदार म्हणतो दीड इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा घ्या, वेल्डर म्हणतो सर्वांत जाड सी क्लासच घ्या, म्हणजे हलणारसुद्धा नाही, आणि एका मित्राने शेतात पडून असलेले बोअरचे जुने पाइप फुकट देऊ केले आहेत. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि दोन पाइप जोडून शेंडा जमिनीपासून बारा मीटरपर्यंत नेता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न जाडीचा वाटतो, पण जाडी ही यातली शेवटी ठरवायची गोष्ट आहे. मी १९८९ पासून भुसावळच्या परिसरात छपरांवर पाइप उभे करत आलो आहे. सुरुवातीला दूरदर्शनचे अँटेना, मग वायरलेस संचांचे आणि गेली काही वर्षे बहुतेक हौशी रेडिओवाल्यांचे. वाऱ्याने वाकलेले जे पाइप मी आजवर उतरवले, त्यांत पातळ पाइप घेतला म्हणून वाकलेले थोडेच होते. बाकीचे चुकीच्या जागी धरलेले, चुकीच्या जागी जोडलेले किंवा पकडीच्या वर अवाजवी लांब सोडलेले होते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपण एकच आकडा काढावा: भिंतीवरच्या सर्वांत वरच्या क्लॅम्पपासून पाइपच्या शेंड्यापर्यंत किती मीटर पाइप वाऱ्यात उघडा राहणार आहे. या लांबीला मी पुढे मोकळी लांबी म्हणेन.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. अँटेना किती मोठा आहे, घर वस्तीच्या मधोमध आहे की गावाबाहेर शेतांच्या तोंडाशी, जिन्याच्या खोलीची भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची, तिला स्लॅबच्या पातळीवर बीम आहे की नाही, तणावे, म्हणजे पाइपला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा, बांधायला चारही बाजूंना जागा आहे का, यांवर उत्तर बदलते. आपण दिलेल्या माहितीवरून मी हिशेब करून दाखवतो. ज्याची परिस्थिती वेगळी असेल त्याने त्यात आपले आकडे घालावेत.

वाऱ्यापासून सुरुवात करू. खानदेशात वर्षातले बरेच दिवस पाइपला काही काम नसते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यावरून वारा इथे अगदीच पाहुणा नाही हे कळते, पण तो सरळ, सातत्याचा वारा पाइप मोडत नाही. मोडतो तो मे आणि जूनच्या सुरुवातीला, वळवाच्या पावसाच्या तोंडावर येणारा. रावेर, यावल, मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागा ज्या वाऱ्याने तासाभरात आडव्या होतात, तोच वारा आपल्या पाइपची परीक्षा घेतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक आयएस ८७५ चा तिसरा भाग वापरतात. त्यात नाशिक आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या आपल्या शेजारच्या शहरांसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. घरगुती हिशेबासाठी मी हाच आकडा घेतो. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. इथे तो सुमारे ९१२ न्यूटन, म्हणजे अंदाजे ९३ किलो येतो. गोल पाइपसाठी त्याला आणखी १.२ ने गुणावे लागते. चौकोनी पाइपवर तोच वारा याहून बराच जास्त जोर लावतो, आणि अँटेनाचे क्लॅम्पही गोल पाइपसाठीच केलेले असतात, म्हणून चौकोनी पाइपचा विचार मी इथेच सोडून देतो.

बाजारात ज्याला दीड इंची म्हणतात त्या पाइपचा बाहेरचा व्यास दीड इंच नसतो. पाण्याच्या पाइपचे नाव आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. आयएस १२३९ प्रमाणे दीड इंची, म्हणजे ४० एनबी (नॉमिनल बोअर, आतल्या पोकळीचे नाममात्र माप) पाइप बाहेरून ४८.३ मि.मी. असतो, दोन इंची म्हणजे ५० एनबी पाइप ६०.३ मि.मी. आणि सव्वा इंची ४२.४ मि.मी. यू-बोल्ट आणायला जाताना हे आकडे खिशात ठेवावेत, नाहीतर "दीड इंची यू-बोल्ट द्या" म्हणून आणलेला बोल्ट पाइपवर बसत नाही आणि छपरावरून दुकानापर्यंत एक फेरी जास्त होते.

आता दीड इंची बी क्लास पाइप घेऊ. त्याची जाडी ३.२ मि.मी. आहे. वाऱ्याचा वर सांगितलेला दाब या पाइपवर दर मीटरला सुमारे ५३ न्यूटन जोर लावतो. आपला दोन मीटर पट्ट्याचा उभा अँटेना वाऱ्याला साधारण ०.०५ चौरस मीटर छाती दाखवतो असे धरले, तर त्यावर सुमारे ५५ न्यूटन येतात आणि ते पाइपच्या शेंड्याच्याही मीटरभर वर लागतात. या सगळ्याचा परिणाम वरच्या क्लॅम्पपाशी पाइप वाकवणारा जोर म्हणून एकवटतो. मोकळी लांबी ३ मीटर असेल तर हा जोर सुमारे ४६० न्यूटन-मीटर होतो, ४ मीटर असेल तर ७०० आणि ६ मीटर असेल तर १,३३५. त्या पाइपला सुरक्षितपणे सोसवणारा जोर मी ६७० न्यूटन-मीटर धरतो. त्याचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, ४.८ घन सें.मी. आहे आणि अशा पोलादावर दर चौरस मि.मी.ला १४० न्यूटनपेक्षा जास्त ताण मी येऊ देत नाही. म्हणजे ३ मीटरला हा पाइप निर्धास्त आहे, ४ मीटरला काठावर आहे आणि ६ मीटरला तो पहिल्याच मोठ्या वावटळीत वाकणार आहे. लांबी दुप्पट झाली तर पाइपच्या स्वतःच्या अंगावरच्या वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि नेमके हेच डोळ्यांना छपरावर उभे राहून दिसत नाही. शांत सकाळी सहा मीटरचा पाइपही तितकाच ताठ दिसतो.

वेल्डरच्या सल्ल्याकडे येऊ. सी क्लास घेतला तर जाडी ४ मि.मी. होते, दर मीटरला वजन ३.५६ किलोवरून सुमारे ४.४ किलोपर्यंत जाते आणि सोसण्याची ताकद ६७० वरून सुमारे ८०० वर जाते. वजनात जवळजवळ पावपट वाढ आणि ताकदीत त्याहून कमी. त्याऐवजी दोन इंची पाइप सर्वांत पातळ, म्हणजे ए क्लासमध्ये घेतला तरी दर मीटरला वजन सुमारे ४.१ किलो भरते आणि ताकद १,००० च्या आसपास जाते. बी क्लास दोन इंची घेतला, तर वजन ५ किलो आणि ताकद १,२००. पोलाद पाइपच्या मध्यापासून जितके लांब जाईल तितके वाकण्याविरुद्ध जास्त कामाला येते, म्हणून पैसे जाडीवर खर्च करण्याआधी व्यासावर खर्च करावेत. मोठ्या व्यासावर वाराही थोडा जास्त बसतो हे खरे. दोन इंची पाइपवर तो दर मीटरला ५३ ऐवजी ६६ न्यूटन होतो, पण ताकदीतली वाढ त्याच्या मानाने कितीतरी मोठी आहे. आपल्या ४ मीटर मोकळ्या लांबीसाठी दोन इंची पाइपवरचा जोर सुमारे ८०० येतो आणि सोसण्याची ताकद १,२०० आहे. एवढी गंगाजळी मला पुरेशी वाटते.

मग ए क्लास का नको, असे विचाराल, तर हिशेबाने तोही चालतो. मी तो दोन कारणांनी टाळतो. क्लॅम्प आवळताना पातळ पाइप चेपला जाण्याचा धोका असतो, आणि चेपलेल्या जागी त्याची सगळी ताकद जाते. शिवाय गंज लागणार तो पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, आणि तेव्हा खायला थोडे पोलाद हाताशी असावे. क्लास ओळखण्यासाठी पाइपवर रंगाचा पट्टा असतो: ए ला पिवळा, बी ला निळा, सी ला लाल. पट्टा पुसलेला असेल किंवा विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास बसत नसेल तर पाइप वजनकाट्यावर ठेवा. सहा मीटरचा दीड इंची बी क्लास पाइप साधारण साडेएकवीस किलो आणि दोन इंची तीस किलो भरला पाहिजे. दोनेक किलोंचा फरक मी धरत नाही, पण पाच-सहा किलो कमी भरला तर तो पाइप तुम्हाला सांगितला तो नव्हे.

दुकानात जीपी पाइप नावाचा एक चकचकीत, गुळगुळीत पाइपही दाखवला जाईल. तो आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी वळवून आणि वेल्ड करून करतात, त्यामुळे नेमक्या जोडाच्या शिवणीवरचे जस्त जळालेले असते आणि जाडीही बहुधा दोन मि.मी.च्या आत असते. गोठ्याच्या शेडला तो चांगला आहे. मास्टसाठी, म्हणजे अँटेना पेलणाऱ्या या उभ्या पाइपसाठी, तयार पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला जीआय घ्यावा. तो दिसायला थोडा मंद आणि हाताला खरबरीत लागतो, आणि त्याला आतूनही जस्त असते.

मित्राच्या बोअरच्या पाइपबद्दल मला सहानुभूती आहे, कारण आपल्या भागात पाणीपातळी खाली गेली की असे कॉलम पाइप खळ्यात ढिगाने पडतात आणि ते वाया जाऊ नयेत असे वाटते. तीच परीक्षा त्यांनाही लावा. बाहेरून बरे दिसणारे पाइप आतून पाण्याने खाल्लेले असतात. वजन करा, हातोडीने सर्वत्र हलके वाजवून आवाज कुठे बसका होतो ते ऐका आणि दोन्ही टोकांचे आटे असलेले वीतभर तुकडे कापूनच टाका, कारण गंजाची सुरुवात तिथूनच झालेली असते. वजन भरले आणि आवाज खणखणीत राहिला तर ते जरूर वापरा. मी वापरले आहेत.

आता बारा मीटरचा प्रश्न. इथे मी माझीच एक फजिती सांगतो, कारण ती आकड्यांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते. पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट आहे. दीड इंची सहा-सहा मीटरचे दोन पाइप सॉकेटने जोडून, वर अँटेना बांधून, एक टोक छपरावर टेकवून दुसऱ्या टोकाकडून आम्ही चार जण तो उचलत होतो. मी म्हणालो मधून जरा झोल दिसतोय, तर खालून एक जण अहिराणीत म्हणाला, "काही व्हत नही, भाऊ." पाइप छातीएवढा वर आला आणि सॉकेटच्या अगदी कडेला, पहिल्या उघड्या आट्यापाशी, न आवाज करता गुडघ्यात दुमडावा तसा दुमडला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तो वाऱ्यासमोर उभा राहायच्या आधीच संपला.

कारण पुढे हिशेब केल्यावर कळले. बारा मीटरचा दीड इंची पाइप दोन टोकांना आडवा धरला तर नुसत्या स्वतःच्या वजनाने त्याच्या मध्यावर सुमारे ६३० न्यूटन-मीटरचा जोर येतो, म्हणजे अखंड पाइपच्या मर्यादेच्या अगदी जवळ. आणि दोन समान पाइप जोडल्यावर जोड येतो तो बरोबर मध्यावर. आट्यांची खोली जवळजवळ दीड मि.मी. असते. ३.२ मि.मी. जाडीतून ती वजा केली की आट्याच्या तळाशी जेमतेम १.७ मि.मी. पोलाद उरते आणि तिथली ताकद निम्म्यावर येते. सर्वांत अशक्त जागा आणि सर्वांत मोठा जोर एकाच ठिकाणी आणण्याचे काम आम्ही आपल्या हातांनी केले होते. तेव्हापासून मास्टमध्ये सॉकेटचा जोड मी घेतलेला नाही.

जोड हवाच असेल तर एक पाइप दुसऱ्यात सरकवून घ्यावा. इथेही फसगत होते. सव्वा इंची पाइप दीड इंचीत सहज जाईल असे नावावरून वाटते, पण बी क्लास दीड इंचीची आतली पोकळी ४१.९ मि.मी. आहे आणि सव्वा इंची बाहेरून ४२.४ मि.मी. आहे, म्हणून तो जात नाही. दीड इंची मात्र दोन इंचीत जातो आणि चहूबाजूंनी सव्वादोन-अडीच मि.मी. मोकळीक राहते. ती पत्र्याच्या पट्टीचे वेढे देऊन भरून काढावी लागते, नाहीतर वरचा पाइप वाऱ्यात खडखड करत भोक मोठे करत राहतो. आत निदान साठ सें.मी. जायला हवा, आणि बोल्ट एक नको, एकमेकांशी काटकोनात दोन हवेत. दुकानात आतल्या शिवणीचा उंचवटा बोटाने तपासा. काही पाइपांत तोच अडतो आणि कानस मारत बसावे लागते.

पण त्याआधी बारा मीटरने काय मिळते तेही पाहा. दोन मीटर पट्ट्यावर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, संपर्क बहुतांशी नजरेच्या रेषेत होतो. उंचीच्या मीटरमधल्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. आपला स्लॅब सव्वातीन मीटरवर आणि त्यावर सहा मीटर पाइप धरला तर शेंडा सुमारे नऊ मीटरवर जातो आणि क्षितिज १२.४ किलोमीटर येते. शेंडा बारा मीटरवर नेला तर ते १४.३ होते. तीन मीटर जास्त चढून दोन किलोमीटरही हाती लागत नाहीत, आणि त्यासाठी जोड, तणाव्यांचा दुसरा थर आणि उभारणीचा सगळा धोका पत्करावा लागतो. तापीच्या सपाट पट्ट्यात, उत्तरेला सातपुडा आडवा असताना, तीन मीटरचा हा पाइप सातपुडा काही ओलांडून देणार नाही. तो पैसा मी चांगल्या केबलमध्ये घालीन.

क्लॅम्पबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पाइप टिकला आणि भिंत गेली असेही मी पाहिले आहे. जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर दोन क्लॅम्प असावेत, खालचा स्लॅबपासून अर्धा मीटरवर आणि वरचा दोन मीटरवर, म्हणजे त्यांच्यात दीड मीटर अंतर पडेल. दोन इंची पाइप आणि चार मीटर मोकळी लांबी या आपल्या बाबतीत मोठ्या वाऱ्यात वरच्या क्लॅम्पवर सुमारे ८७ किलोचा आडवा ओढा येतो. जागा नाही म्हणून हेच अंतर अर्ध्या मीटरवर आणले तर तो ओढा १९६ किलोपर्यंत जातो. पाइप तोच, वारा तोच. वरचा क्लॅम्प शक्यतो खोलीच्या स्लॅबच्या बीमवर यावा. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनरवर भरवसा ठेवू नये. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने पाच-सहा मि.मी. जाडीची पट्टी लावावी. गच्चीच्या साडेचार इंची कठड्याला मास्ट कधीही बांधू नये. तो माणसाने टेकण्यासाठी असतो आणि उन्हापावसाने त्याच्या मुळाशी बहुधा आधीच भेग गेलेली असते.

पाइपला वरच्या क्लॅम्पपाशी भोक पाडू नका, हेही इथेच सांगून ठेवतो. पाइप फिरू नये म्हणून तिथून आरपार बोल्ट घालण्याची अनेकांना सवय आहे. मी उतरवलेल्या वाकलेल्या पाइपांपैकी कित्येकांचा मोड अशाच भोकातून गेलेला होता. फिरणे थांबवायचे असेल तर बोल्ट खालच्या क्लॅम्पच्याही खाली, बुडाशी घाला. तिथे वाकवणारा जोर नसतो.

घड लागलेल्या केळीचा बुंधा माळी जाड करू शकत नाही, तो तिला टेकू देतो. दीड इंची पाइपच घ्यायचा असेल, कारण तो आधीच घरात आहे किंवा अँटेनाचा क्लॅम्प ६० मि.मी.पर्यंत उघडत नाही, तर तणावे हे त्याचे उत्तर आहे. वरच्या क्लॅम्पपासून अडीच मीटरवर तीन तणावे १२० अंशांवर बांधले की त्यांच्यावरचा मोकळा भाग दीड मीटरच उरतो आणि दीड इंची पाइप तिथे आरामात उभा राहतो. तणाव्याचा खालचा हूक पाइपच्या बुडापासून इतका दूर हवा की ते अंतर बांधणीच्या उंचीच्या निदान साठ टक्के भरेल. याहून जवळ बांधले तर तणावा पाइपला आवरण्यापेक्षा खाली दाबण्याचेच काम जास्त करतो. हूक स्लॅबमध्ये बीमवर किंवा कॉलमच्या माथ्यावर असावेत. तार जस्त चढवलेली, वळलेली, चार मि.मी.च्या आसपासची पुरते. वळशाच्या ठिकाणी थिंबल (तार झिजू नये म्हणून वळशात बसणारी खोबणीची कडी) आणि खाली टर्नबकल (तार आवळण्याचा आट्यांचा स्क्रू) हवा. तारेचा क्लिप बसवताना त्याचे खोगीर भार घेणाऱ्या तारेच्या बाजूला आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला यावा. उलट बसवला तर यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चावतो. तार हाताने आवळून सरळ झाली की थांबावे. सतारीसारखी वाजेपर्यंत ओढण्याची हौस असते, पण तो सगळा ताण पाइपवर उभा दाब म्हणून कायम बसून राहतो. नायलॉनची दोरी पावसाळ्यात सैल होते आणि आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत तिचा भुगा होतो.

चाळीस मीटर पट्ट्याच्या डायपोलला काही जण तणावा समजतात. त्याची प्रत्येक भुजा सुमारे दहा मीटरची होईल, मधला बिंदू पाइपवर आणि दोन्ही टोके खाली, अशी उलट्या व्ही सारखी. तांब्याची तार ताणली की लांबते, म्हणून तिने पाइप धरून ठेवावा ही अपेक्षा करू नये. उलट ती एका बाजूला पाइप ओढत असते, असे धरून चालावे. मधला बिंदू कप्पीवरून वर न्या आणि वरच्या क्लॅम्पपासून फार वर नेऊ नका. दोन्ही भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. टोकाची दोरी थेट झाडाला बांधली तर झाड डोलले की पाइपही डोलतो, म्हणून तिथे एक वजन लोंबते ठेवावे.

इतर पदार्थांविषयी मला फार सांगायचे नाही. ॲल्युमिनियम हलके आहे, पण त्याच मापाचा पाइप पोलादाच्या सुमारे तिप्पट लवतो, आणि ओल्या जागी जीआयच्या क्लॅम्पशी त्याचे जमत नाही. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाइप हाताशी असतो म्हणून तो अनेकांना सुचतो; मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तो आणखी नरम पडतो आणि मास्ट म्हणून तो निरुपयोगी आहे. नुसता तारेचा डायपोल उचलायला सातपुड्यातला चांगला, जाड भिंतीचा बांबू एक-दोन वर्षे उत्तम काम देतो, आणि शिकाऊ माणसाने पहिला प्रयोग त्यावर करायला माझी काहीच हरकत नाही.

पाइपच्या शेंड्याला टोपी लावा आणि बुडाशी आठ मि.मी.चे भोक ठेवा, कारण टोपी असली तरी आत वाफेचे पाणी होतेच. पावसाळ्यापूर्वी ते भोक काडीने मोकळे करावे. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते आणि पुढचे चार महिने पाइपच्या बुडात पाणी साचून राहते. कापलेल्या किंवा भोक पाडलेल्या जागी जस्ताचा रंग द्यावा. मास्टला जमिनीपर्यंत वेगळी अर्थिंगची पट्टी सरळ, कमीत कमी वळणांनी न्यावी आणि ती घराच्या अर्थिंगशी जोडावी. दोन अर्थिंग वेगळ्या राहू देणे हे विजेच्या वेळी संचासाठी वाईट असते. वीज कडाडू लागली की केबल संचातून काढून घराबाहेर ठेवावी, मास्ट कितीही चांगला असला तरी.

महावितरणची तार घराशेजारून जात असेल तर सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी ती मोजा. पाइप अँटेनासकट कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी तो तारेपर्यंत पोचता कामा नये, आणि तेवढी जागा नसेल तर त्या बाजूला पाइप उभाच करू नये. उभारतानाचा पाइप वाऱ्यात उभ्या पाइपपेक्षा जास्त बेभरवशाचा असतो. वारा सकाळी पडलेला असतो, म्हणून काम दहाच्या आत संपवावे, दोन माणसे उचलायला आणि एक फक्त पाहायला ठेवावा. पाहणाऱ्याने हात लावायचा नाही, त्याने फक्त ओरडायचे.

आपल्या घराला माझी निवड अशी असेल: सहा मीटरचा, अखंड, बिनजोडाचा दोन इंची बी क्लास जीआय पाइप, बूड स्लॅबवर एका चौकोनी पट्टीवर टेकलेले, दोन क्लॅम्प दीड मीटर अंतरावर, वर चार मीटर मोकळा आणि तणावे नाहीत. अँटेनाचा क्लॅम्प ६०.३ मि.मी.ला बसत नसेल तर माथ्यात दीड इंचीचा मीटरभर तुकडा वर सांगितल्याप्रमाणे सरकवून घ्यावा, आणि तो साठ सें.मी. आत गेल्यावर बाहेर चाळीसच सें.मी. उरेल याची नोंद घ्यावी. पुढे मागे दोन मीटर पट्ट्याचा यागी (अनेक दांड्यांचा, एका दिशेला रोखलेला अँटेना) लावायचा विचार असेल तर मात्र तो वाऱ्याला उभ्या अँटेनाच्या दुप्पट छाती सहज दाखवतो, आणि तेव्हा तणावेही घालावे लागतील. त्यांचे हूक आत्ताच स्लॅबमध्ये बसवून ठेवलेले बरे, कारण गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर तिथे भोक पाडू देणारा घरमालक मला अजून भेटलेला नाही, आणि स्वतःच मालक असला तरी घरातले पाडू देत नाहीत.

पाइप घेण्याआधी जिन्याच्या खोलीची भिंत कोणत्या जाडीची आहे आणि तिच्या माथ्यावर बीम कुठे येतो, हे एक खिळा ठोकून पाहा आणि कळवा. भिंत साडेचार इंची निघाली तर वरचा क्लॅम्प कोपऱ्यातल्या कॉलमवर न्यावा लागेल, आणि मग मोकळी लांबी चार मीटर राहते की साडेचार, यावरून हा हिशेब पुन्हा मांडू.